नववीला पर्यावरणनीती शिकवायची आहे, पण वह्यांत घोषवाक्यंच येतात

खडूफळा:
मराठी माध्यम, नववी, पट ५८. जलसुरक्षा विषयाच्या वेळेतून सहा तासिका काढता येतील, प्रत्येकी ३५ मिनिटांच्या. प्रोजेक्टर नाही. झेरॉक्स म्हणाल तर सगळ्या वर्गाला मिळून दहा-बारा पानं.

अडचण अशी आहे. प्रदूषणाची कारणं आणि उपाय मुलांना तोंडपाठ आहेत. पण ‘इथलं झाड तोडावं की नाही, आणि का?’ असं विचारलं की अठ्ठावन्न वह्यांत ‘झाडे आपले मित्र आहेत, झाडे लावा झाडे जगवा’. दोन्ही बाजूंचं थोडंथोडं बरोबर असेल तेव्हा निर्णय कसा घ्यायचा, हे पुस्तकात कुठेच येत नाही, आणि मला तेच शिकवायचंय. मानवकेंद्री, जीवकेंद्री या संज्ञा सुरुवातीलाच द्याव्यात का? गुण कशाला द्यायचे? आणखी एक: निम्म्या मुलांच्या शेतात बोअर आहे, काहींच्या घरी चूल आहे. कुणाच्या घराकडे बोट जाईल असं उदाहरण नको.

पाणलोट:
संज्ञा पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिल्यात की त्या पाठ होणार आणि परत घोषवाक्यंच येणार. पहिल्या दोन तासिका चिंचोक्यांना द्या.

पाच-पाच जणांचे ११ गट होतात, तिघं उरतात. ते नोंदी ठेवतील. गटाच्या मध्ये वाटी, वाटीत २५ चिंचोके. ही गावाची विहीर. प्रत्येकाने चिठ्ठीवर ० ते ५ यांपैकी एक आकडा गुपचूप लिहायचा, चिठ्ठ्या एकदम उघडायच्या, तेवढे चिंचोके ज्याचे त्याने उचलायचे. वाटीत उरले त्यांच्या दुप्पट करायचे, पण २५ च्या वर नाही. हा पाऊस. वाटीत आहेत त्यापेक्षा मागणी जास्त झाली तर विहीर आटली, कुणालाच काही नाही, डाव संपला. गटाला ८० चिंचोके हाताशी ठेवा. अकरा गटांना किलोभर पुरतात. हरभरे घेऊ नका, दुसऱ्या फेरीपर्यंत निम्मे पोटात जातात.

गणित शिक्षकाला आधी ठाऊक हवं. पाचही जणांनी दोन-दोन घेतले तर १५ उरतात, दुप्पट ३०, म्हणजे वाटी पुन्हा २५. हे कितीही वर्षं चालेल. तीन-तीन घेतले तर १० उरतात, पावसाने २० होतात. पुन्हा तीन-तीन, उरले ५, झाले १०. तिसऱ्या फेरीत मागणी १५ आणि वाटीत १०. आटली. दोन आणि तीन यांत एका चिंचोक्याचा फरक, पण तिथेच सगळं आहे. गटाने मिळून १२ पर्यंत उचलले तर निभतं, १३ ला घसरण सुरू होते. हा आकडा मुलांनी शोधायचा, तुम्ही सांगायचा नाही.

डाव तीनदा खेळवा. पहिल्यांदा बोलायला बंदी. दुसऱ्यांदा फेरी सुरू होण्याआधी एक मिनिट बोलायला परवानगी. तिसऱ्यांदा एकाला ८ पर्यंत उचलायची मुभा द्या, कारण त्याची बोअर खोल आहे. त्याने आठ घेतले आणि बाकी चौघांनी शहाण्यासारखे दोन-दोनच घेतले तरी २५ चे ९, ९ चे १८, १८ चे २, २ चे ४, आणि तिसऱ्या फेरीत खेळ खलास. वर्गात खरा आवाज इथे चढतो. ‘आम्ही नीट वागलो तरी?’ हा प्रश्न मुलांकडून आला की नीतीचा तास सुरू झाला म्हणायचं.

हमखास होणारी चूक म्हणजे ‘पाच फेऱ्या आहेत’ असं आधी सांगून टाकणं. मग शेवटच्या फेरीत सगळे पाच-पाच उचलतात, आणि ‘माणूस मुळातच हावरट’ असा निष्कर्ष निघतो. तो त्या नियमाचा परिणाम असतो. फेऱ्यांची संख्या सांगायचीच नाही. दुसरी चूक: जास्त चिंचोके जमवणाऱ्याला टाळ्या. टाळ्या कुणालाच नकोत.

दुसऱ्या तासिकेच्या शेवटी दहा मिनिटं फळा वापरा. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली मांडलं की सामायिक कुरण प्रत्येकाच्या स्वार्थापायी उजाड होतं. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरची उदाहरणं तपासून दाखवलं की लोक एकत्र बसून नियम करतात, पाळतात आणि सामायिक साधन टिकवतात. २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. तुमच्या वर्गातला पहिला डाव हार्डिनचा, दुसरा ऑस्ट्रॉमचा. पाठोपाठ हिवरे बाजार या गावाने स्वतः केलेले नियम: पाण्याचा वार्षिक ताळेबंद, ऊस-केळीला मनाई, शेतीसाठी बोअरला मनाई. आणि राज्याचा २००९ चा भूजल कायदा, ज्यात अधिसूचित क्षेत्रात ६० मीटरपेक्षा खोल विहीर घ्यायला बंदी आहे. मग विचारा: गावाने स्वतः केलेला नियम आणि सरकारने लावलेला नियम, यांतला कोणता मोडताना जास्त लाज वाटेल? का?

माळरानी:
वरचा खेळ माणसामाणसांतल्या वाटणीपुरता आहे. त्यात माणसाखेरीज कुणी नाही. तिसऱ्या-चौथ्या तासिकेला माळढोक घ्या. ‘झाडे लावा’ला यासारखा उतारा नाही, कारण माळढोक उघड्या माळावरचा पक्षी आहे. माळावर झाडं लावली तर त्याचं घर जातं. हे पहिल्या पाच मिनिटांत सांगा आणि थोडा वेळ गप्प बसा.

एका पानावर चार चौकटी छापा. अकरा गटांना अकरा पानं, तुमच्या झेरॉक्सच्या हिशेबात बसतं.

पहिल्या चौकटीत पक्षी: नर १५ किलोपर्यंत भरतो, मादी बहुधा एकच अंडं घालते आणि तेही जमिनीवर, डोळे बाजूंना असल्यामुळे उडताना समोरची तार वेळेवर दिसत नाही, भारतात आता दीडशेही उरले नसावेत असा अंदाज. दुसरीत सोलापूर-नगर भागातला शेतकरी: १९७९ साली तिथे माळढोक अभयारण्य जाहीर झालं, सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर, आणि त्यात गावंच्या गावं, खाजगी शेतं आली. जमिनीच्या व्यवहारांवर आणि बांधकामांवर निर्बंध. पुढे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. तिसरीत मेंढपाळ: माळ चराईने मोकळा राहतो, पण विणीच्या दिवसांत कळप आणि कुत्री अंड्याजवळून जातात. चौथीत सौर वीज: राजस्थान-गुजरातमधल्या माळढोकांच्या पट्ट्यात मोठे सौर आणि पवनऊर्जा प्रकल्प. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये तिथल्या तारा शक्य तिथे जमिनीखालून न्यायला सांगितलं. मार्च २०२४ मध्ये सरसकट ते करणं व्यवहार्य नाही म्हणून आदेश बदलला आणि तज्ज्ञ समिती नेमली. त्याच निकालात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १४ आणि २१ मध्ये धरला.

म्हणजे इथे खलनायक कुणीच नाही. सौर वीजही पर्यावरणासाठीच, पक्षीही पर्यावरणाचाच.

चर्चेआधी एक काम सक्तीचं. वहीचं पान उभं दुमडायचं. डावीकडे ‘हे तपासता येतं’, उजवीकडे ‘हे ठरवावं लागतं’. ‘तारेला धडकून माळढोक मरतो’ डावीकडे. ‘पक्ष्यापेक्षा वीज महत्त्वाची’ उजवीकडे. ‘शेतकऱ्याचं नुकसान झालं’ डावीकडे, ‘त्याला भरपाई मिळायलाच हवी’ उजवीकडे. मुलं अडतात ती ‘माळ पडीक आहे’ या वाक्यावर. दिसतं तपासण्याजोगं, पण ‘पडीक’ या शब्दात कुणीतरी आधीच निर्णय देऊन टाकलाय. या एका शब्दावर दहा मिनिटं गेली तरी जाऊ द्या.

तिसरा बाक:
माळरानींचं पान चांगलं आहे, फक्त त्याची वादस्पर्धा करू नका. वादस्पर्धेत मूल जिंकायला बघतं आणि समोरच्याचा चांगला मुद्दा दिसला की झाकतं. त्याऐवजी अर्ध्या वेळात चौकटींची अदलाबदल करा: शेतकऱ्याची बाजू मांडणाऱ्याने आता पक्ष्याची मांडायची. आणि पक्ष्याच्या वतीने बोलताना ‘मी माळढोक बोलतोय’ असलं नाटुकलं नको, वर्ग हसतो आणि मुद्दा हरवतो. ‘त्याला बोलता येत नाही, म्हणून त्याच्या बाजूने माझं म्हणणं असं’ इतकं पुरे.

संज्ञा पाचव्या तासिकेला, आणि एका प्रश्नातून. तत्त्वज्ञ रिचर्ड राउटली यांनी १९७३ साली विचारलेला प्रश्न आहे: जगात एकच माणूस उरलाय, तोही मरणार आहे. जाण्याआधी त्याने उरलेली सगळी झाडं आणि प्राणी नष्ट केले. कुणाही माणसाचं नुकसान नाही. तरी त्याने चूक केली का? हात वर करायला सांगू नका, शेजारच्याकडे बघून हात वर जातो. चिठ्ठीवर हो किंवा नाही, आणि एक ओळ कारण. चिठ्ठ्या गोळा करून कारणांचे फळ्यावर तीन ढीग करा. ‘माणूसच नाही तर चूक कसली’, हा मानवकेंद्री. ‘त्या प्राण्यांना जगायचं होतं’, हा जीवकेंद्री. ‘जंगल, नदी, माती हे सगळं मिळून एक आहे, ते मोडलं’, हा परिसंस्थाकेंद्री. आता नावं द्या. ज्याचं त्याचं मत ढिगात आधीच पडलेलं असतं, त्यामुळे संज्ञा घोकाव्या लागत नाहीत. ‘देवाने केलंय ते मोडू नये’ अशाही चिठ्ठ्या येतात. त्या बाजूला टाकू नका, चौथा ढीग करा आणि देवराईचं उदाहरण द्या. कायद्याचा धाक नसताना देवाच्या नावावर राखलेली जंगलं सह्याद्रीत आहेतच.

वेळ उरला तर नदी: मार्च २०१७ मध्ये न्यूझीलंडने कायदा करून वांगानुई नदीला व्यक्तीचा दर्जा दिला. त्याच महिन्यात उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा-यमुनेला तो दिला, आणि जुलैत सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. अडचण अगदी व्यवहारातली होती: पुरात नुकसान झालं तर नदीच्या पालकांवर दावा लावायचा का? नववीच्या मुलांना हे पटकन कळतं.

खडूफळा:
हे फारच उपयोगाचं आहे. दोन शंका. तिसऱ्या डावात आठ चिंचोके उचलणारा मुलगा खरोखरच बोअरवाल्या घरचा निघाला तर? आणि ‘सर, तुमचं मत काय?’ असं विचारलं तर?

पाणलोट:
आठची चिठ्ठी सोडत काढून द्या, आणि डाव संपल्यावर त्याने काय केलं ते न विचारता ‘या नियमात काय बदललं तर विहीर टिकेल?’ असं गटाला विचारा. बोट नियमाकडे राहतं. चुलीचंही तसंच. ‘चुलीचा धूर वाईट’ हे वाक्य वर्गात आलं की पुढचा प्रश्न लगेच: सिलिंडर परवडत नसेल तर ही चूक कुणाची? घरात जे निवडायला पर्यायच नाही त्याचा दोष घराला लावता येत नाही, हाही नीतीचाच मुद्दा आहे आणि मुलांना तो नेमका सांगायला हवा.

तिसरा बाक:
मत विचारलं तर ‘सहाव्या तासिकेला सांगेन’ म्हणा आणि खरोखर सांगा, कारणासकट. आधी सांगितलंत तर वह्यांत तेच येईल. कधीच सांगितलं नाहीत तर मुलांना वाटतं, नीतीत काहीही चालतं.

उत्तरपत्रिका:
गुणांचं बघू. २० गुणांचा एकच प्रश्न, दीड पान उत्तर. वर्गात न घेतलेला प्रसंग द्यायचा, नाहीतर माळढोक पाठ करून येईल. उदाहरणार्थ, गावाच्या ओढ्यावर पूल हवा आहे आणि वाटेत जुना वड आहे.

प्रसंगातली तथ्यं आणि स्वतःची मतं वेगळी ठेवली असतील तर ४. कुणाकुणावर परिणाम होतो ते ओळखलं तर ४, त्यात बोलू न शकणारं किंवा अजून न जन्मलेलं कुणी नसेल तर २ च. निर्णय आणि त्यामागचं तत्त्व स्पष्ट असेल तर ५. स्वतःच्या निर्णयावरचा सगळ्यात जोरदार आक्षेप लिहून त्याला उत्तर दिलं तर ७. निर्णय कोणता, याला शून्य गुण. वड तोडा म्हणणाऱ्यालाही २० पैकी २० मिळू शकतात, आणि हे मुलांना आधी सांगावं लागतं, कारण त्यांचा विश्वास बसत नाही. आक्षेपाला सर्वाधिक गुण मुद्दाम ठेवलेत: घोषवाक्याला आक्षेप नसतो, त्यामुळे घोषवाक्य लिहिणारा सातच्या सात गमावतो.

तपासताना ‘समतोल साधला पाहिजे’ या वाक्यापासून सावध. दिसायला शहाणं, पण त्यात निर्णयच नाही. समासात ‘म्हणजे नक्की काय करायचं?’ एवढंच लिहा आणि पान परत द्या.

माळरानी:
सहावी तासिका मोकळी असेल आणि प्रयोगशाळा असेल तर मूर्तींच्या प्लास्टर ऑफ पॅरिसचा प्रयोग करा. न रंगवलेला १०० ग्रॅमचा तुकडा, १ लिटर पाणी, १०० ग्रॅम अमोनियम बायकार्बोनेट. शेजारी दुसरी बादली नुसत्या पाण्याची. दिवसातून तीन-चार वेळा ढवळायचं. साधारण दोन दिवसांत पहिल्या बादलीत तुकड्याचा गाळ होतो, दुसरीत तुकडा जवळजवळ तसाच. कॅल्शियम सल्फेटचं कॅल्शियम कार्बोनेट होऊन तळाशी बसतं, वर अमोनियम सल्फेटचं पाणी. बादलीला घट्ट झाकण लावू नका, कार्बन डायऑक्साइड सुटतो. अमोनियाचा वास येतो, म्हणून खिडकीपाशी ठेवा. वरचं पाणी थेट कुंडीत ओतलं तर रोप करपतं, वीसपट पातळ करून घाला.

प्रयोग झाला की प्रश्न: मूर्ती बादलीत विरघळते, मग प्रश्न मिटला का? रंग कुठे गेला? वीस फुटी मूर्तीला किती किलो पावडर लागेल? पेणच्या कारागिराने काय करायचं? शाडू येतो तो कुठली जमीन खणून? धर्माची बाजू निघाली तर अडवू नका, फक्त दुमडलेलं पान परत काढायला सांगा. प्रयोग सोमवारी लावा, शुक्रवारी लावलात तर रविवारी ढवळायला कुणी नसतं आणि वर घट्ट थर धरतो.

खडूफळा:
किलोभर चिंचोके जमा करायला मुलांना सांगितलंय. वडाचा प्रश्न तसाच वापरतो, फक्त आमच्याकडे ओढा नाही, कॅनॉल आहे.