मदत हवी आहे : ‘कुणाला सांगणार नाही’ असे वचन बालगृहातील मुलांना मी देऊ शकते का?

नमस्कार.

ठाण्यातील एका शाळेत एकतीस वर्षे शिकवून मी निवृत्त झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरची घटना उघडकीस आली, त्यानंतर नवी मुंबईत मुलांचे बालगृह चालवणाऱ्या एका संस्थेच्या विश्वस्तांनी मला बोलावून घेतले. मुलांचे म्हणणे ऐकून घेणारी आणि संस्थेच्या पगारावर नसलेली एक व्यक्ती असावी, असा त्यांचा विचार होता. या कामाला त्यांनी ‘बाल लोकपाल’ असे नाव दिले. त्यांचा हेतू चांगला होता, याबद्दल मला आजही शंका नाही. दर शनिवारी मी ठाण्याहून वाशीची लोकल पकडून तिकडे जाते आणि वाचनालयाशेजारच्या खोलीत दोन तास बसते. ज्या मुलाला यावेसे वाटेल तो येतो. जे सांगितले जाते ते मी एका वहीत लिहिते आणि वही घरी घेऊन येते.

महिन्याभरापूर्वी एक मुलगा बराच वेळ दारात उभा राहिला आणि मग आत येऊन म्हणाला, “बाई, तुम्ही कुणाला सांगणार नाही ना?” मी विचार न करता “नाही” म्हटले. मग त्याने सांगितले की, रात्री अंथरूण ओले करणाऱ्या मुलांना पहाटेपर्यंत व्हरांड्यात उभे केले जाते आणि दुसऱ्या दिवशी त्यांना नाश्ता मिळत नाही. (मूल ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.)

मी नाव न घेता अधीक्षकांशी बोलले. त्यांनी प्रथम असे काही घडत नसल्याचे सांगितले आणि दोनच दिवसांनी लेखी पत्र पाठवून माझी वही मागितली, कारण त्यांच्या मते ती ‘संस्थेचा अभिलेख’ आहे. विश्वस्तांना विचारले तेव्हा त्यांच्या कायदेविषयक सल्लागारांनी नेमके उलट सांगितले : लोकपालाकडे आलेली माहिती विशेषाधिकाराने संरक्षित असते, ती पोलीस किंवा न्यायालयही मागू शकत नाही, म्हणून मी निर्धास्त राहावे आणि कुठेही काही बोलू नये. या दुसऱ्या सल्ल्याने मला पहिल्या पत्रापेक्षा अधिक अस्वस्थ केले आहे.

मला जाणून घ्यायचे आहे ते असे. माझ्यासारख्या व्यक्तीला कायद्याने खरोखर असे संरक्षण आहे का? वही कोणाची? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मुलाला आधीच दिलेल्या त्या ‘नाही’चे मी आता काय करू? कायद्यातील किंवा बाल कल्याण समितीच्या (काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांविषयी निर्णय घेणाऱ्या वैधानिक समितीच्या) कामातील अनुभव असलेल्या सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद (ठाणे जिल्हा न्यायालयात वकिली करणारी सदस्य) :

बाई, गोपनीयता आणि विशेषाधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुमच्या विश्वस्तांना मिळालेल्या सल्ल्यात त्यांची गल्लत झाली आहे. गोपनीयता म्हणजे ऐकलेले इकडेतिकडे न बोलण्याचे तुमचे बंधन. विशेषाधिकार म्हणजे न्यायालयाने विचारले तरी उत्तर नाकारण्याचा कायद्याने दिलेला हक्क. पहिले तुमच्यावर नक्कीच आहे, दुसरा मात्र तुम्हाला नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चे कलम १३२ (जुन्या पुरावा कायद्याचे १२६) अशिलाने वकिलाला सांगितलेल्या गोष्टींना संरक्षण देते. समुपदेशक, शिक्षक, समाजसेवक किंवा संस्थेने नेमलेला लोकपाल त्यात येत नाही. कलम १३० अधिकृत विश्वासाने मिळालेल्या माहितीला संरक्षण देते, परंतु ते सरकारी अधिकाऱ्यांसाठी आहे आणि खासगी विश्वस्त संस्थेचे नियुक्तिपत्र कोणाला सरकारी अधिकारी बनवत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली न्यायालयाने किंवा पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याने वही मागितली, तर ती द्यावी लागेल.

सल्लागारांचा गोंधळ कदाचित ‘लोकपाल’ या शब्दामुळे झाला असावा. महाराष्ट्राच्या १९७१ च्या लोकायुक्त अधिनियमात चौकशीतून मिळालेली माहिती गोपनीय ठरवली होती आणि त्याबाबत साक्ष देण्याची सक्ती न्यायालयालाही करता येणार नाही, अशी स्पष्ट तरतूद होती. नॉर्वेने १९८१ मध्ये मुलांसाठी जगातील पहिला लोकपाल नेमला, तोही स्वतंत्र कायदा करूनच. ते संरक्षण कायद्यातून आलेले असते, पदाच्या नावाबरोबर आपोआप येत नाही. आपल्याकडे मुलांच्या बाबतीत त्याच्या सर्वांत जवळ जाणारी वैधानिक संस्था म्हणजे २००५ च्या अधिनियमाखालील बाल हक्क संरक्षण आयोग. त्याला चौकशी करताना कागदपत्रे मागवण्यासाठी दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत, म्हणजे उद्या आयोगही तुमची वही मागू शकेल.

“कुठेही काही बोलू नका” हा सल्ला तर धोकादायक आहे. मुलांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो अधिनियमाच्या कलम १९ प्रमाणे लैंगिक अपराध घडल्याचे कळले किंवा घडण्याची भीती वाटली, तरी प्रत्येक व्यक्तीने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवलेच पाहिजे, आणि त्यात समुपदेशकाला किंवा डॉक्टरला सूट नाही. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, तर हाताखालच्या व्यक्तीचा अपराध दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत. चंद्रपूर जिल्ह्यातील एका वसतिगृहाच्या प्रकरणात माहिती न देणाऱ्या डॉक्टरविरुद्धचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये पुन्हा कायम केला. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर मात्र कोणतीही दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही.

तुम्ही सांगितलेला प्रकार पॉक्सोचा दिसत नाही, पण बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ (क्रूरता) आणि ८२ (शारीरिक शिक्षा) यांच्या कक्षेत तो येऊ शकतो. अशी शिक्षा होत असल्याची तक्रार आल्यावर व्यवस्थापनाने चौकशीत सहकार्य केले नाही, तर व्यवस्थापनाच्या प्रमुखाला किमान तीन वर्षांची कैद कलम ८२ मध्येच सांगितली आहे. हे कलम विश्वस्तांना छापून द्या, असा माझा आग्रह आहे.

प्रतिसाद (बाल कल्याण समितीची माजी सदस्य) :

वकील ताईंनी कायदा नीट सांगितला आहे, म्हणून मी फक्त वहीविषयी आणि मुलाविषयी लिहिते.

वही अधीक्षकांना देऊ नका. ती कोणाची, हा प्रश्न तुमच्या नियुक्तिपत्रावर ठरेल आणि त्यात याबद्दल काही लिहिलेले नसेल तर विश्वस्तांकडून ते आजच लेखी करून घ्या. ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांच्या हाती तक्रार जाऊ नये, हे तत्त्व काही नवीन नाही. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांत प्रत्येक बालगृहात मुलांसाठी सूचनापेटी सांगितली आहे, ती कार्यालयापासून दूर आणि मुलांच्या खोल्यांजवळ असावी लागते, आणि तिची किल्ली अधीक्षकांकडे न ठेवता व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे ठेवायची असते. मग तोंडी सांगितलेल्या तक्रारीला यापेक्षा कमी संरक्षण कसे असेल?

मात्र तुमच्या लिहिण्याच्या पद्धतीतही बदल करा. मुलाने वापरलेले शब्द, तारीख आणि वेळ एवढेच लिहा. त्याच्या घरचे, आईवडिलांचे, जुन्या आजाराचे जे बोलणे तक्रारीशी संबंधित नाही ते लिहूच नका, कारण जे लिहिलेच नाही ते कोणी मागू शकत नाही. नावांच्या जागी खुणेचे क्रमांक ठेवा आणि त्यांची यादी वेगळी, कुलपात ठेवा. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ ने मुलाची ओळख उघड करण्यास कोणत्याही माध्यमात मनाई केली आहे आणि येथे केलेले लिखाणही त्यातून सुटत नाही, म्हणून तुम्ही तपशील बदललेत हे योग्यच केले.

तक्रार बाल कल्याण समितीकडे लेखी करा. त्यासाठी तुम्हाला कोणाच्या परवानगीची गरज नाही. समितीने विचारात घेतलेले मुलाविषयीचे अहवाल कलम ९९ प्रमाणे गोपनीय मानले जातात.

मूळ लेखिका :

दोघींचे मनापासून आभार. कालच्या शनिवारी त्या मुलाला मी एकटे बसवून सांगितले की, मागच्या वेळी मी तुला ‘नाही’ म्हणाले ते चुकीचे होते, तसे वचन मला देता येत नाही. तो गप्प झाला. मग मी माझे नवे वाक्य त्याच्यासमोर ठेवले, ते येथेही लिहिते, कारण त्यात काही चूक असल्यास मला ती हवी आहे : “तू सांगशील ते मी उगाच कुणाला सांगणार नाही. पण तुला किंवा दुसऱ्या कुणाला त्रास होत असेल, तर तो थांबवू शकणाऱ्या माणसाला मला सांगावे लागेल, आणि सांगण्याआधी मी तुला सांगेन.”

त्याने एकच विचारले, “माझे नाव सांगणार?” मी समितीला नाव वेगळ्या बंद पाकिटात देईन आणि अधीक्षकांच्या प्रतीत ते नसेल, असे त्याला सांगितले. पण अंथरूण ओले करणारी मुले तेथे चारच आहेत. नाव नसले तरी अधीक्षकांना अंदाज येईल, आणि त्या मुलाला हे माझ्यापेक्षा आधी कळले होते. यावर काही उपाय आहे का?

प्रतिसाद (बाल कल्याण समितीची माजी सदस्य) :

आहे. तक्रारीत त्या चार मुलांचा उल्लेखच करू नका. ‘रात्रीच्या वेळी मुलांना शिक्षा म्हणून उभे केले जाते व नाश्ता नाकारला जातो’ एवढेच लिहा आणि त्या शयनगृहातील प्रत्येक मुलाशी समितीने एकेकट्याने, कर्मचारी उपस्थित नसताना बोलावे, अशी विनंती करा. सगळीच मुले आत जाऊन आली की पहिले कोण बोलले, हे बाहेर उभ्या असलेल्या माणसाला सांगता येत नाही. आणि बाई, तुमचे वाक्य चांगले आहे. त्यातला ‘उगाच’ हा शब्द मात्र काढून टाका. लहान मुलाला त्याचा अर्थ मोठ्यांच्या मर्जीवर अवलंबून आहे असे वाटते.