‘जंतू धनभारित औषधाला कधीच सरावत नाहीत’: हे कुणी सांगितलं?

लॅबवाली: काल इथं पूर्वभागकरांनी ठासून लिहिलं: ‘बेन्झाल्कोनियम, क्लोरहेक्सिडीन ही जंतुनाशकं धनभारित. जंतूचं आवरण ऋणभारित, आपल्या पेशीचं नाही. म्हणून माणसाला इजा शून्य, आणि जंतू कधीच सरावत नाहीत.’ सुरुवात ठीक, शेवट घातक. आपल्या पेशीच्या बाहेरच्या थरावर निव्वळ भार जवळपास नसतो, शिवाय कोलेस्टेरॉल असतं. त्यामुळे ओढ कमी, शून्य नव्हे! कोलिस्टिनचं उदाहरण घ्या, तेही धनभारित अँटिबायोटिक. ग्रॅम-निगेटिव्ह (दुहेरी आवरणाच्या) जंतूच्या बाहेरच्या आवरणातलं मॅग्नेशियम, कॅल्शियम हुसकावून ते आत घुसतं. मूत्रपिंडालाही तेच भोवतं. माझे वडील आयसीयूत होते. कोलिस्टिन चालू झालं आणि क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड बिघडल्याची रक्तातली खूण, रोज चढत गेलं.

पूर्वभागकर: मी फरशीच्या औषधाबद्दल लिहिलं, ताई. आणि आवरणच फाटलं तर सरावणार कसा?

लॅबवाली: भार बदलून. जंतूनं आवरणातल्या लिपिड-ए या ऋणभारित रेणूवर फॉस्फोइथेनॉलअमाइन नावाचा गट चिकटवला की ऋणभार घटतो, कोलिस्टिनची पकड सुटते. तसं करणारं एमसीआर-१ जनुक २०१५ साली चीनमध्ये सापडलं. प्लास्मिडवरून, म्हणजे डीएनएच्या सुट्या कड्यावरून, ते एका जंतूतून दुसऱ्यात जातं. कोंबड्यांना कोलिस्टिन द्यायला २०१९ मध्ये आपल्याकडे बंदी आली ती उगीच नाही.

मोहोळ पोल्ट्री: आलंच आमच्यावर! खाद्याचं पोतं तयार येतं, आत काय घातलंय ते आम्हाला कोण सांगत होतं?

डाईंगवाला: फरशीचं निघालंय म्हणून सांगतो. कापूस पाण्यात ऋणभारित. सुती फडकं औषधात भिजत ठेवलं की औषध फडकंच धरून ठेवतं. सॉफ्टनरही धनभारितच. गिऱ्हाईक दर धुण्याला ओततं आणि बोंब मारतं, ‘सोलापूरचा टॉवेल पाणी ओढत नाही.’ थर तुम्ही चढवता, नाव आमचं जातं!

शेळगीची सून: न घालता काथ्यासारखा होतो तो. दुकानात मऊ कसा लागतो मग? तुम्हीच मारून पाठवता.

डाईंगवाला: फिनिशिंगला मारतो, नाही म्हणत नाही. पण पाणी ओढेल असा. कडक होतो तो तुमच्या बोअरच्या जड पाण्यानं.

शेळगीची सून: पाण्यावर ढकला! सहा टॉवेल वाया गेलेत माझे.

पूर्वभागकर: काय बे, टॉवेलचं दुकान मांडलं का इथं? ‘कधीच’ हा शब्द मागे घेतो, ताई. तेवढाच. आमच्याकडे आई साबणाच्या पाण्यातच औषध ओतते, ते तरी चालतं ना?

लॅबवाली: नाही. साबण ऋणभारित, दोघं एकमेकांनाच बांधून टाकतात. आधी साबण, मग साधं पाणी, मग औषध.

डाईंगवाला: आणि पूर्वभागकर अण्णा, फडकं सुतीच घ्या, फक्त औषधात भिजत ठेवू नका. औषध फरशीवर ओता, बाटलीवर लिहिलेली मिनिटं ओलं राहू द्या, मग पुसा.