गनिसन खोऱ्यातील खचलेला ओढा आणि वाळत चाललेले ओले कुरण

प्रश्न
कोलोराडोतील गनिसन खोऱ्यात एका पशुपालक कुटुंबाच्या जमिनीची व्यवस्था मी पाहतो. सेजब्रश या कोरड्या जमिनीतील झुडपांच्या माळावरून जाणारा ओढा जुन्या गाडीवाटेच्या चाकोरीत शिरून कंबरभर खोल गेला आहे आणि काठची ओली कुरणे वाळत आहेत. उन्हाळ्याच्या अखेरीस पिलांसह तेथे उतरणारे गनिसन सेज-ग्राउस पक्षी आता क्वचितच दिसतात. छातीइतका पक्का बांध घालणे योग्य ठरेल काय?

पहिले उत्तर
पक्का बांध कृपया घालू नये. ओढ्याचा तळ खचला की भूजलही तेवढेच खाली उतरते, लव्हाळ्याच्या मुळांना ओल मिळेनाशी होते आणि कोरड्या झालेल्या जागेत सेजब्रश शिरते. म्हणून पाणी साठवण्यापेक्षा तळ हळूहळू वर आणणे महत्त्वाचे आहे. ओढ्यांच्या दुरुस्तीचे अमेरिकी जाणकार बिल झीडिक यांच्या पद्धतीत पात्रात आडव्या ओळींनी दगड बसवतात, मात्र उंची एकाच दगडाची ठेवतात. पाणी त्यावरून वाहते, गाळ अडतो, गाळात गवत रुजते आणि दगड गाळाने भरून गेल्यावरच पुढचा थर रचतात. आपल्याकडील अनघड दगडी बांधाशी याचे जवळचे नाते आहे. परंतु येथे उंचीचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण उंचावरून पडणारे पाणी बांधाचाच पायथा खणते.

त्याआधी ओघळीच्या वरच्या टोकाचा तुटका कडा पाहावा. तो दर पावसाळी लोंढ्याबरोबर मागे सरकत कुरण कापत जातो. तेथे दगडांची वाडग्यासारखी रचना करून पाण्याला पायऱ्यांनी खाली उतरवावे. गाडीवाट वळवली नाही, तर हे श्रम टिकणार नाहीत.

दुसरे उत्तर
गुरांविषयीही लिहिणे आवश्यक वाटते. माळ वाळल्यावर सेज-ग्राउसच्या पिलांना कीटक आणि कोवळा पाला ओल्या कुरणातच मिळतो, आणि 2014 साली अमेरिकी सरकारच्या धोक्यातील प्रजातींच्या यादीत आलेल्या या पक्ष्याची बहुतांश संख्या याच खोऱ्यात आहे. चराई कायमची बंद करावी असे मी म्हणणार नाही; नव्याने रुजणारे गवत मूळ धरेपर्यंत गुरे त्या पट्ट्यात रेंगाळू देऊ नयेत, आणि गुरे तिकडे ओढली जावीत म्हणून त्यांनी चाटायचे मिठाचे ठोकळे वरच्या माळावर ठेवावेत.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. बांधाचा विचार सोडला आहे. बर्फ वितळून जमीन वाळली की प्रथम गाडीवाट वळवू आणि नंतर कड्याचे काम हाती घेऊ.