सोडा मशीन: आधी गॅसचं बघा

रोज लिटरभर सोडा लागतो, तर घरी सोडा बनवायचं मशीन घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय आणि उत्तर देणारे सगळे मशीनच्या किमतीवरच अडलेत. खरा खर्च गॅसचा, म्हणजे पाण्यात बुडबुडे आणणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा. सायफनच्या बाटलीला (खटका दाबून सोडा काढायची हातातली बाटली) ८ ग्रॅम गॅसची छोटी नळकांडी लागते, लिटरला एक, वापरली की फेकायची. मोठ्या सिलिंडरच्या मशीनमध्ये साधारण ४०० ग्रॅम गॅस असतो. त्यावर ६० लिटर होतील असं लिहिलेलं असतं, पण आमच्यासारखा झणझणीत सोडा लागत असेल तर चाळिशीतच फुस्स! म्हणून पुण्यात रिकामा सिलिंडर कोण बदलून देतं ते आधी फोन करून विचारा, मगच पैसे भरा. आमचा कोथरूडच्या घरात दोन महिने नुसता शोभेला होता.

पाणी फ्रीजमधलं गारच घ्या. ४-५ अंशांच्या पाण्यात खोलीतल्या पाण्यापेक्षा जवळपास दुप्पट गॅस विरघळतो. कोकम, लिंबू, साखर सगळं नंतर. (सासूबाईंनी एकदा थेट आवळा सरबतच भरलं होतं. छतावर डाग अजून आहे.)

पाहुणे आले तरच सोडा लागणार असेल, तर मात्र कोपऱ्यावरचा गोटी सोडाच बरा.