मदत हवी आहे: त्रास सोसणाऱ्या पोरानं उलटून मारलं तर शिक्षा द्यायची का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या जि.प. शाळेच्या व्यवस्थापन समितीला यावर नियम करायचा आहे. खिचडीच्या रांगेत मोठं पोर लहान्याचं ताट रोज हिसकतं, सहाव्या दिवशी लहाना त्याला ढकलतो. गुरुजींना दिसतं ते ढकलणंच. मग "दोघंही उभे राहा!" हा सरळ अन्याय आहे.

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार मारहाण नाही आणि मानसिक छळही नाही. भारतीय न्याय संहिता स्वसंरक्षणाचा हक्क देते, पण गरजेपुरताच.

मसुदा असा: त्याच दिवशी दोघांचं आणि दोन साक्षीदारांचं म्हणणं वेगवेगळं लिहून घ्यायचं, समोरासमोर बसवलं की लहाना गप्पच होतो. आधीच्या तक्रारी पाहायच्या. सुटण्यापुरतं ढकललं तर शिक्षा नाही. समोरचा पडल्यावरही मारलं, किंवा दुसऱ्या दिवशी बोरीखाली दगड घेऊन गाठलं, तर तो बचाव नव्हे.

घोडं अडतं नोंदीवर. तक्रारपेटी ऑफिसच्या दारात, चिठ्ठी टाकताना सगळे पाहतात, म्हणून ती रिकामीच.

तुमच्या शाळेत पेटी कुठं लावली, किती दिवसांनी, कोणासमोर उघडता? असा ठराव झाला असेल तर त्यातली "गरजेपुरतं"ची वाक्यरचना कृपया शब्दशः टाका.