मदत हवी आहे: कमी ऑक्सिजनचा परिणाम आणि संसर्गाचा परिणाम वेगळा कसा काढायचा?

नमस्कार मंडळी. मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारावर काम करते. या आजारात श्वासनलिकेत साचलेल्या घट्ट कफात ऑक्सिजन फार कमी असतो आणि स्यूडोमोनास हा जिवाणू नेमका तिथेच ठाण मांडतो. म्हणून एफ५०८डेल या आजाराला कारणीभूत म्युटेशनच्या पेशी ट्रान्सवेलवर (सच्छिद्र पडद्यावर), वरची बाजू हवेला उघडी ठेवून वाढवल्यात. त्यांना १ टक्का ऑक्सिजनमध्ये संसर्ग देऊन आयएल-८ (दाह दाखवणारं प्रथिन) किती वाढतं ते बघायचंय.

घोडं इथे अडलंय: जिवाणू स्वतःच ऑक्सिजन फस्त करतात. त्यामुळे साध्या इन्क्युबेटरमधल्या संसर्ग दिलेल्या पेशींतही एचआयएफ-१ अल्फा या, ऑक्सिजन घटला की पेशीत साचणाऱ्या प्रथिनाची चाचणीत ठळक पट्टी येते. ती ऑक्सिजन घटल्यामुळे की थेट संसर्गामुळे, हे कळत नाही. उष्णतेने मारलेले जिवाणू वापरले तर पट्टी फिकी पडते, पण आयएल-८ही उतरतं. मेलेले जिवाणू नवीन विषद्रव्यं सोडत नाहीत ना.

कमी ऑक्सिजनचा चेंबर उघडला की एचआयएफ काही मिनिटांत नष्ट होतं, म्हणून पेशी आतच लाइज करते (फोडते). कोबाल्ट क्लोराइड कृपया सुचवू नका, त्याने एचआयएफ वाढतं, पण ऑक्सिजन प्रत्यक्ष घटत नाही. थेट रुग्णांकडून घेतलेल्या (प्राथमिक) पेशी आमच्याकडे नाहीत, ऑक्सिजन मोजायचा प्रोबही नाही.

जिवाणूंचं गाळलेलं सुपरनेटंट (जिवाणू वाढलेला, पण ते काढून टाकलेला द्रव) दोन्ही ऑक्सिजन पातळ्यांवर देणं हा पुरेसा कंट्रोल ठरेल का? की पेशींजवळचा ऑक्सिजन मोजावाच लागेल, आणि तसं असेल तर मुंबईत असा प्रोब थोडे दिवस कुठे वापरायला मिळेल?