सल्ला हवा : घरच्या संगणकावर फ्री डिशच्या वाहिन्या अडखळतात, नवा संगणक घ्यावा का?

जुळेसोलापूरकर

नमस्कार. आमच्या घरी दिवाणखान्यातील टीव्हीला एक छोटा संगणक जोडलेला आहे. गच्चीवरील छत्रीची केबल यूएसबी ट्यूनरमधून (सिग्नल पकडणाऱ्या छोट्या उपकरणातून) त्यात येते, टीव्हीहेडएंड हे सॉफ्टवेअर वाहिन्या पकडते आणि कोडी या प्लेअरवर त्या दिसतात. संगणकावर लिनक्स आहे. साठवलेले चित्रपट त्यावर उत्तम चालतात. परंतु डीडी फ्री डिशच्या वाहिन्या लावल्या की चित्र अडखळते. बातम्यांच्या वाहिनीवर खालची पट्टी सरकताना सतत हिसके देते आणि अधूनमधून चित्राचे चौकोन होऊन आवाजही तुटतो. आई-वडील रोज सायंकाळी सह्याद्रीवरील बातम्या पाहतात, त्यामुळे हा विषय आता घरगुती कलहाच्या वाटेवर आहे.

नवी पेठेतील एका दुकानदाराने संगणक जुना झाल्याचे सांगून नवा घेण्याचा सल्ला दिला. माझी तयारी साधारण १०,००० रुपयांपर्यंत आहे. हा खर्च संगणकावर करावा, ग्राफिक्स कार्डावर करावा की ट्यूनरवर, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

कडक_भाकरी

तूर्तास एक रुपयाही खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण एकाच तक्रारीत दोन वेगळी लक्षणे सांगितली आहेत. चौकोन होणे आणि आवाज तुटणे हे बहुधा सिग्नलचे दुखणे असते. आवाज स्वच्छ राहून चित्रच ठरावीक लयीत हिसके देत असेल, तर दोष संगणक ते चित्र ज्या रीतीने दाखवतो त्यात असतो. पहिल्या दुखण्यावर ग्राफिक्स कार्डाचा काडीचाही उपयोग नाही, आणि दुसऱ्यासाठी छत्री हलवणे म्हणजे आहे ते बिघडवणे.

दोन्ही वेगळे करण्याची सोपी कसोटी अशी : त्रास होत असताना १० मिनिटांचे रेकॉर्डिंग करावे आणि तीच फाइल दोनदा पाहावी. दोन्ही वेळा नेमक्या त्याच सेकंदाला चौकोन आले, तर ते फाइलमध्येच उतरले आहेत, म्हणजे दोष टीव्हीहेडएंडच्या अलीकडे, छत्री, केबल किंवा ट्यूनर यांपैकी कशात तरी आहे. फाइल स्वच्छ असून प्रत्येक वेळी वेगळ्याच ठिकाणी अडखळली, तर दोष पुढच्या बाजूला शोधावा. रेकॉर्डिंग चालू असताना टीव्हीहेडएंडच्या स्थितिदर्शक पानावर कंटिन्युइटी एररचा आकडाही पाहत राहावा. प्रवाहातील प्रत्येक पॅकेटला क्रमांक असतो. मधला क्रमांक गळाला की हा आकडा वाढतो. वाहिनी लावताक्षणी दोन-चार वाढले तर चिंता नसावी, परंतु तो चढतच राहिला तर संगणकाला दोष देऊ नये.

मागवाला

मी अक्कलकोट रोडला राहतो. माझ्याकडे हाच प्रकार झाला होता तेव्हा मी केबलच्या मध्ये सिग्नल बूस्टर लावला होता आणि चित्र बरे झाले होते. साडेतीनशे रुपयांत काम होते, आधी तेच करून पाहावे.

कडक_भाकरी

मागवाला साहेब, आपल्याकडे केबल कदाचित फार लांब असेल, तेव्हा बूस्टरचा उपयोग झाला असेल. घरगुती २०-२५ मीटरच्या केबलवर मात्र मी तो कधीच सुचवणार नाही. बूस्टर सिग्नलबरोबर खरखरही तेवढीच वाढवतो. सिग्नलची पट्टी लांब दिसते आणि गुणवत्ता होती तिथेच राहते. ट्यूनरला सिग्नलची ताकद फारशी लागत नाही, त्याला सिग्नल आणि खरखर यांच्यातले अंतर लागते.

जुळेसोलापूरकर

आपण सांगितल्याप्रमाणे रेकॉर्डिंग केले. १० मिनिटांत ४१२ कंटिन्युइटी एरर आल्या आणि दोन्ही वेळा चौकोन त्याच जागी दिसले. आश्चर्य असे की जिथे चौकोन नाहीत तिथेही बातम्यांची पट्टी हिसके देतेच. याचा अर्थ माझ्याकडे दोन्ही दुखणी आहेत असा घ्यावा का?

कडक_भाकरी

होय, आणि म्हणूनच आजवर आपला एकही उपाय पूर्ण लागू पडला नसावा. आधी सिग्नलचे पाहू.

फ्री डिशच्या वाहिन्या जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात आणि तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. सोलापुरातून तो आग्नेय दिशेला, उत्तरेपासून मोजल्यास सुमारे १३४ अंशांवर आणि क्षितिजापासून सुमारे ६१ अंश उंचीवर दिसतो. नेहमीची ऑफसेट छत्री त्याहून बरीच उभी दिसते, कारण तिच्यावर आदळणारी लहर तिरकी परावर्तित होते. त्यामुळे छत्री आकाशाकडे पुरेशी वळलेली नाही असे वाटून कोणी ती मागे झुकवू नये. तिसरे माप बहुतेक जण विसरतात. आपल्या रेखांशावरून पाहिल्यास हा उपग्रह साडेसतरा अंश पूर्वेला असल्याने एलएनबी (छत्रीसमोरचा सिग्नल झेलणारा डबा) आपल्या पकडीत साधारण ४३ अंश फिरलेला असावा लागतो. तो सरळ बसवलेला असेल, तर उभ्या ध्रुवणाच्या (म्हणजे उभ्या दिशेत कंप पावणाऱ्या लहरींच्या) वाहिन्यांमध्ये आडव्या मिसळतात आणि पट्टी भरलेली दिसूनही चौकोन येतात.

तथापि छत्री पूर्वी नीट चालत असेल, तर तिला हात लावण्याआधी टोकाचे कनेक्टर उघडून पाहावेत. दर दहा घरांपैकी आठ घरी मला दोष तिथेच सापडला आहे. मे महिन्याच्या आपल्या उन्हात काळी चिकटपट्टी अक्षरशः वितळून सुटते आणि पहिल्या पावसाचे पाणी केबलच्या जाळीतून खाली उतरते.

मागवाला

बूस्टरबाबत माघार घेतो, माझी केबल खरोखरच दोन इमारती ओलांडून येते. एक अनुभवाची गोष्ट मात्र सांगतो. ट्यूनरला वेगळा अडॅप्टर असेल तर तो तपासावा. एलएनबीला केबलमधूनच १३ किंवा १८ व्होल्ट मिळतात आणि ते हा अडॅप्टर पुरवतो. आमच्या गल्लीत सकाळी माग सुरू झाले की विजेचा दाब खाली येतो. माझा जुना अडॅप्टर नेमका तेव्हाच दगा देत असे. तो बदलला आणि संगणकाबरोबर ट्यूनरही यूपीएसवर घेतला, तेव्हापासून सकाळचा त्रास गेला.

जुळेसोलापूरकर

आज गच्चीवर गेलो होतो. एलएनबीजवळचा कनेक्टर उघडला तेव्हा मधली तांब्याची तार हिरवट काळी पडलेली होती आणि जाळी बोटात धरताच पांढऱ्या पिठासारखी झाली. केबल निरोगी लागेपर्यंत, म्हणजे सुमारे हातभर कापली, दोन्ही टोकांना नवे कनेक्टर बसवले आणि वर रबरी टोपी घातली. एकूण खर्च ६० रुपये आला. अडॅप्टर मोजून पाहिला, तो व्यवस्थित आहे. सायंकाळी पुन्हा १० मिनिटांचे रेकॉर्डिंग केले : सुरुवातीला ३ एरर आल्या, नंतर आकडा हललाच नाही.

पट्टीचे हिसके मात्र तसेच आहेत.

कडक_भाकरी

अभिनंदन. आता उरलेले काम खुर्चीत बसून होईल.

आपल्याकडील साध्या दर्जाच्या वाहिन्या ५७६ ओळींच्या आणि इंटरलेस्ड असतात, म्हणजे दर सेकंदाला ५० अर्धी चित्रे येतात. आपला संगणक टीव्हीला बहुधा ६० हर्ट्झने, म्हणजे सेकंदाला ६० वेळा, चित्र पाठवत असेल. ५० चित्रे ६० खणांत भरायची म्हटल्यावर दर पाच चित्रांमागे एक चित्र दोनदा दाखवावे लागते, म्हणजेच सेकंदाला दहा वेळा ठेच लागते. माणूस बोलताना ती जाणवत नाही, परंतु एकसारख्या वेगाने सरकणाऱ्या पट्टीवर लपत नाही. चित्रपट २४ चे असतात, तिथेही ही विसंगती असतेच, मात्र ती पाहण्याची आपल्या डोळ्यांना सवय झालेली असते.

कोडीच्या सेटिंग्जमध्ये प्लेअर विभागातील व्हिडिओखाली डिस्प्लेचा रिफ्रेश रेट (सेकंदाला किती वेळा चित्र दाखवायचे तो वेग) चित्रानुसार बदलण्याची सोय आहे, ती चालू करावी. नंतर वाहिनी चालू असताना कीबोर्डवरील ओ हे इंग्रजी अक्षर दाबावे. पडद्यावर डिकोडर हार्डवेअरचा आहे की सॉफ्टवेअरचा आणि डीइंटरलेसिंगची, म्हणजे अर्ध्या चित्रांपासून पूर्ण चित्रे बनवण्याची, कोणती पद्धत चालू आहे, ते दिसेल. तिथे अर्धी पद्धत निवडलेली असेल, तर ५० अर्ध्या चित्रांची २५ च पूर्ण चित्रे होतात आणि ५० हर्ट्झवरही हालचाल तुटक वाटते. पूर्ण पद्धत घ्यावी. साध्या दर्जाचे, एमपेग-२ पद्धतीने आकसलेले चित्र उलगडणे हे आपल्या संगणकासाठी फारसे ओझे नाही, तेव्हा दुकानदाराचे निदान मनातून काढून टाकावे.

जुळेसोलापूरकर

दोन्ही बदल केले. डीइंटरलेसिंग खरोखरच अर्ध्यावर होते. आता पट्टी तेल लावल्यासारखी सरकते. एकच अडचण उरली आहे : वाहिनी लावली की टीव्ही तीन-चार सेकंद काळा होतो, कोडीच्या मुख्य पानावर परतले की पुन्हा काळा होतो, आणि आईला प्रत्येक वेळी वीज गेली असे वाटते.

कडक_भाकरी

तो काळेपणा टीव्ही ६० वरून ५० वर जाताना घेतो. घरात चित्रपटांपेक्षा वाहिन्याच अधिक पाहिल्या जात असतील, तर सिस्टीमच्या डिस्प्ले विभागात मुख्य पानाचाच रिफ्रेश रेट कायमचा ५० करून ठेवावा. मग वाहिनी लावताना काहीच बदलावे लागणार नाही. काळा पडदा फक्त चित्रपट लावताना दिसेल, आणि तेव्हा रिमोट आपल्या हातात असेल.